सायकलवरचा माणूस कोणत्या रकान्यात?

सायकल हा काही संशोधनाचा विषय नव्हे, असे माझ्या एका मित्राचे ठाम मत आहे. "सायकल आता एक तर शाळेतल्या पोरींची, नाहीतर साखर वाढलेल्या माणसांची," असे तो म्हणतो. सहा-सात वर्षांपूर्वी मीही मान डोलावली असती. मी कोणत्याही विद्यापीठाचा संशोधक नाही. मूर्तिजापूरला एका अडत दुकानात हिशेब लिहिता लिहिता अठ्ठावीस वर्षे गेली. जुनी गॅझेटिअरे, जनगणनेचे तक्ते, रद्दीत सापडलेली रेल्वेची वेळापत्रके वाचण्याचा नाद मात्र पहिल्यापासून आहे. आणि घर ते दुकान हे तीन किलोमीटरचे अंतर मी या सगळ्या वर्षांत बहुतेक वेळा सायकलनेच कापले आहे. तेव्हा ज्या वाहनावर बसून आयुष्य गेले, त्याचा हिशेबही एकदा मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी यंत्राचे पाहू. माझी सायकल अठ्ठावीस इंची चाकांची, काळी, मधे नळी असलेली, वीस-बावीस किलो वजनाची आहे. तिच्या चेनव्हीलला ४८ दात आहेत आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. म्हणजे पायडलचा एक फेरा पूर्ण झाला की मागचे चाक पावणेतीनपेक्षा थोडे कमी फिरते. चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास. गुणाकार केला तर एका फेऱ्यात सायकल सुमारे सहा मीटर पुढे जाते. घरापासून दुकानापर्यंत पाचशे फेरे. घाई न करता मिनिटाला चाळीस-बेचाळीस फेरे पडतात, म्हणून बारा मिनिटे लागतात. पायी हेच अंतर पस्तीस मिनिटांचे आहे.

दोन सारख्या चाकांची आणि साखळीने मागचे चाक फिरवणारी सायकल जॉन केम्प स्टार्ले याने इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १८८५ साली बाजारात आणली. तीन वर्षांनी, १८८८ मध्ये, जॉन बॉइड डनलॉप याने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. आज माझ्या दारात उभी असलेली सायकल मूळ कल्पनेत तीच आहे. आपल्याकडे बराच काळ सायकली विलायतेहून येत. स्वातंत्र्यानंतर मद्रासला टी. आय. सायकल्स (१९४९), सोनीपतला ॲटलस (१९५१), लुधियानाला हीरो (१९५६) असे कारखाने निघाले आणि सायकल साहेबाच्या बंगल्यातून मजुराच्या झोपडीपर्यंत आली. चालण्याला जेवढी शक्ती लागते तिच्या साधारण पाचव्या हिश्शात सायकल तेवढेच अंतर नेते, असे अभ्यासक सांगतात. मजुराला हे कोणी सांगावे लागले नाही.

याचा कामाशी संबंध कसा, हे एका साध्या भूमितीने कळते. माणूस अर्ध्या तासात अडीच किलोमीटर चालतो. सायकलने तो साडेसात किलोमीटर जातो. त्रिज्या तिप्पट झाली की वर्तुळाचे क्षेत्रफळ नऊपट होते. म्हणजे ज्याच्याकडे सायकल आहे त्याला काम शोधायला नऊपट मुलूख मोकळा होतो. गावात काम नसेल तर तो शेजारच्या गावात जाईल, तिथे नसेल तर मूर्तिजापूरच्या चौकात येऊन उभा राहील. मालकाने मजुरी पाडली तर दुसरा मालक गाठण्याची सोय त्याच्या बुडाखाली असते. पायी जाणाऱ्याला ती नसते.

हा मुलूख मात्र सायकलला सोपा नाही. वऱ्हाडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. मृगाचा पाऊस पडला की पांदणीतला गारा टायरला चिकटतो. टायर आणि मडगार्ड यांच्यामधली बोटभर जागा पन्नास पावलांत भरते आणि चाक जाम होते. म्हणून आमच्याकडे जून ते ऑक्टोबर कित्येक सायकली मडगार्डाविना धावतात. पाठीवर चिखलाची रेघ उमटते, पण चाक फिरते. कॅरिअरला पऱ्हाटीचे किंवा तुरीचे काडूक खोचलेले दिसले तर ते सरपण समजू नये. ते गारा खरवडण्याचे अवजार आहे. तेही कामी आले नाही तर सायकल खांद्यावर घेतात. वाहनाने माणसाला न्यावे आणि माणसाने वाहनाला, असा हा चार महिन्यांचा करार आहे.

पाऊस सरला की काटे. बांधावरच्या बाभळीचा काटा जुना टायर सहज भेदतो. सराटा त्याहून लबाड. तो मातीच्या रंगाचा असतो आणि कसाही पडला तरी त्याचे एखादे टोक वर राहते. मग उन्हाळा. अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जातो, हे वर्तमानपत्रे दरवर्षी छापतात. उन्हात उभ्या सायकलच्या ट्यूबमधली हवा तापते, दाब वाढतो, पंक्चरच्या ठिगळाखालचे सोल्यूशन मऊ पडते आणि ठिगळ सुटते. व्हॉल्व्हवरची इवलीशी रबरी नळी उन्हाने कुजते आणि रात्रीतून हवा जाते. म्हणून जाणता माणूस उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवतो आणि सायकल लिंबाखाली लावतो. जून-जुलैत पश्चिमेचा वारा असतो. ताठ बसून चालवायच्या सायकलवर माणूस शिडासारखा असतो. समोरून येणाऱ्या हवेचा वेग दुप्पट झाला की तिचा अडथळा चौपट होतो. त्या दिवसांत पश्चिमेकडे कामाला जाणारा सकाळी घामाघूम होतो आणि संध्याकाळी वाऱ्यावर स्वार होऊन घरी येतो.

या सगळ्याचा दवाखाना म्हणजे सायकलचे दुकान. आमच्या रस्त्यावर एक मिस्त्री आहेत, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी वडील. त्यांच्याकडे मी लहानपणी तासाच्या भाड्याने छोटी सायकल घेत असे. घरची मोठी सायकल नळीखालून पाय घालून, कैची मारत शिकलो. पंक्चर काढताना ते ट्यूब घमेल्यातल्या पाण्यातून फिरवतात, बुडबुडा दिसला की तिथे बोट ठेवतात, जागा घासतात, जुन्याच ट्यूबचे ठिगळ कापून लावतात. आऊट काढणे म्हणजे वाकडे फिरणारे चाक आऱ्या कमी-जास्त आवळून सरळ करणे. छर्रे बदलणे, चेनची कडी काढणे, वर्षातून एकदा पूर्ण खोलून ग्रीस भरणे. या कामांतले कोणतेही काम विजेवर चालत नाही, आणि कोणत्याही सुट्या भागासाठी कंपनीकडे जावे लागत नाही. एका सायकलचे चाक दुसरीला बसते. गरिबाचे वाहन टिकते ते या बसण्यामुळे.

मित्राचे मत मी एकदा मिस्त्रींना ऐकवले. ते म्हणाले, "सायकल संपली म्हन्तेत लोकं. मंग सकाळी सहा वाजता हवा भराले कोन येते बाप्पा? तुमी उठाच्या आंधी येऊन जातेत ते."

हे वाक्य मला लागले. मी दुकानात दहाला जातो. मग काही दिवस पहाटे उठून त्यांच्या ओट्यावर बसलो. तेव्हा दिसली ती माणसे माझ्या वेळेला रस्त्यावर नसतातच. हँडलला थापी आणि ओळंबा अडकवलेले गवंडी, कॅरिअरला घमेले बांधलेले त्यांचे हाताखालचे, हंगामात जिनिंगची रातपाळी करून परतणारे, दुधाच्या कॅन लावलेले, आणि स्टेशनकडे जाणारे.

स्टेशनकडे जाणाऱ्यांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. मूर्तिजापूर त्या वाटेवर आहे. पुढे कापसासाठी इथून एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला अरुंद रूळ गेले. तीच आमची शकुंतला, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चाललेली. लहानपणी आम्ही सायकलवरून तिच्याशी शर्यत लावायचो, आणि ती दर वेळी जिंकायची असे नाही. या रेल्वेमुळे जुनी वस्ती आणि स्टेशन विभाग असे आमच्या गावाचे दोन तुकडे आहेत. आसपासच्या खेड्यांतला माणूस सायकलने स्टेशनवर येतो, सायकल लावतो, पॅसेंजर गाडीने अकोल्याला किंवा बडनेऱ्याला कामाला जातो. माना, कुरुम, काटेपूर्णा, बोरगाव अशा स्टेशनांवरही हेच. संध्याकाळची गाडी कितीही उशिरा आली तरी सायकल वाट पाहत असते. ऑटोवाला थांबत नाही.

आता हिशेबाकडे येतो. २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचे अंतर आणि साधन यांचा एक तक्ता आहे. त्यात देशातल्या सुमारे २० कोटी लोकांची नोंद आहे. त्यांपैकी तीस टक्क्यांना कामासाठी प्रवासच नव्हता. सुमारे २३ टक्के पायी जात. सायकलने जाणारे सुमारे १३ टक्के होते. मोटारसायकल-स्कूटरवाले सायकलवाल्यांहून किंचित कमीच होते आणि मोटारवाले तीन टक्केसुद्धा नव्हते. घराघरांतील वस्तूंची जी मोजणी झाली, तिच्यात २००१ साली ४३.७ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, तर २०११ साली ४४.८ टक्के. त्याच दहा वर्षांत दुचाकी मोटारी जवळजवळ दुप्पट झाल्या, तरी सायकल कमी झाली नाही.

पण हा तक्ता नीट वाचला तेव्हा मला दोन भोके सापडली. पहिले असे की, हा तक्ता फक्त 'इतर काम करणाऱ्यां'चा आहे. शेतकरी आणि शेतमजूर त्यात नाहीत. २०११ साली त्यांची संख्या २६ कोटींच्या वर होती. म्हणजे मडगार्ड काढलेल्या सायकलने पांदणीतून निंदणाला, फवारणीला जाणारा आमचा माणूस या तक्त्याच्या बाहेर आहे. दुसरे असे की, एका माणसाला एकच साधन. खेड्यातून सायकलने स्टेशनवर आणि तिथून गाडीने अकोल्याला जाणारा माणूस अंतराच्या हिशेबाने रेल्वेत जमा होतो. त्याची रोजची सायकल कुठेच उमटत नाही.

तिसरे भोक सापडले ते माझ्याच घरात. फेब्रुवारी २०११ मध्ये जनगणनेचे गुरुजी आमच्याकडे आले, तेव्हा ओसरीवर बहिणीला पाहायला आलेली मंडळी बसली होती. अंगणात धाकट्या भावाची मोटारसायकल उभी होती. माझी सायकल भिंतीला टेकलेली होती. गुरुजींनी विचारले, "कामावर कशानं जाता?" मी म्हणालो, "मोटारसायकल." त्यांनी लिहून घेतले. पाहुण्यांपैकी एकाने अंगणाकडे पाहिले. बहिणीचे लग्न पुढे दुसरीकडेच जमले, आणि ही गोष्ट मी विसरूनही गेलो. आठ वर्षांनी तक्ता वाचताना तेरा टक्क्यांच्या आकड्यावर बोट ठेवले आणि आठवले की, यात मी नाही. मी शेजारच्या रकान्यात आहे. किती जणांनी असे सांगितले असेल, हे मोजण्याचे साधन कोणाकडे नाही. पण सायकल गरिबीची खूण झाली की माणूस ती आधी पाहुण्यांपासून लपवतो आणि मग सरकारपासून.

न मोजल्याने काय बिघडते? रस्ता बांधताना जो मोजला जातो त्याची रुंदी धरली जाते. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर, लोणी ते माना या भागात, १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा सलग टाकण्याचा गिनीज विक्रम झाला. तो आमच्या तालुक्याच्या दारातला. मला त्याचे कौतुक आहे. पण कोणत्याही रुंद, दुभाजकाच्या रस्त्याचे गणित सायकलवाल्यासाठी वेगळे असते. ज्याचे शेत किंवा काम रस्त्यापलीकडे आहे, त्याला नियमाने जायचे तर पुढच्या फटीपर्यंत जाऊन वळून यावे लागते. मोटारीला हा फेरा दोन मिनिटांचा, सायकलला पंधरा मिनिटांचा आणि समोर वारा असेल तर त्याहून अधिक. म्हणून तो उलट्या बाजूने कडेकडेने जातो. त्याला बेशिस्त म्हणणे सोपे आहे. २०२२ साली देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत सायकलस्वार साडेचार हजारांहून जास्त होते.

बायांची गोष्ट आणखी निराळी. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या, आणि शाळेच्या वाटेवर त्या दिसतातही. पण मिस्त्रींच्या ओट्यावर पहाटे बसलो तेव्हा कामाला जाणारी एकही बाई सायकलवर दिसली नाही. निंदणाच्या, वेचणीच्या बाया पायी जातात किंवा ऑटोत कोंबून. बारावीनंतर ती सायकल कुठे जाते? बहुधा भावाकडे, नाहीतर माळ्यावर. नऊपट झालेला मुलूख लग्नाबरोबर पुन्हा आकसतो.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. त्या वेळी प्रश्न कसेही असोत, उत्तर देणे आपल्या हाती आहे. दिवाळी अंकाच्या वाचकांपैकी कितीजण सायकलने कामाला जातात मला माहीत नाही, पण त्यांच्या घरी कामाला येणाऱ्यांपैकी कोणी तरी नक्कीच जात असेल. त्यांना एवढे विचारावे की कशाने येता, किती दूरून येता. आणि ते सांगतील ते कुठे तरी लिहून ठेवावे.

२०११ च्या त्या उत्तराची कबुली मी मिस्त्रींना दिली. ते चाकाचा आऊट काढत होते. मान वर न करता म्हणाले, "तुमीच असं सांगतलं, त मंग आमचं गिऱ्हाईक सरकारले दिसन कसं?" मग चाक एकदा फिरवून पाहिले, एक आरी आणखी आवळली आणि म्हणाले, "घ्या, झालं. दहा रुपये."