वेळापत्रक तोंडपाठ, पण शाळेतले सांगता येईना!

काही मुलांना लोकलचे वेळापत्रक, क्रिकेटच्या धावा तोंडपाठ असतात. पण ‘आज शाळेत काय झाले?’ विचारले की ती गप्प. ‘नको ते बरे लक्षात राहते!’ म्हणून बोलणी बसतात, कधी मारही. पालकांनो, हा आडमुठेपणाच असेल असे नाही, हे आम्हांला सांगायचे आहे.

अशा मुलांचे वर्णन व्हिएन्नाचे डॉ. हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी १९४४ साली केले. १९८१ साली डॉ. लॉर्ना विंग यांच्या लेखाने ‘अ‍ॅस्पर्गर’ हे नाव रूढ झाले. आता त्याची गणना स्वमग्नतेत, म्हणजे ऑटिझममध्येच होते.

यांतील अनेकांना आवडीच्या विषयाची बारीकसारीक माहिती पक्की राहते. स्वतःच्या बाबतीत घडलेला प्रसंग मात्र आपणहून सांगणे जड जाते. आठवण असते, पण तिच्यापर्यंत पोचायला कुणीतरी बोट धरावे लागते. म्हणून ‘मधल्या सुट्टीत कोणाजवळ बसलास?’ असे नेमके विचारा. कामे कागदावर लिहून द्या.

शंका वाटल्यास सरकारी रुग्णालयात दाखवा. निदान डॉक्टरांनीच करायचे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नताही आहे. शिक्षण हा या लेकरांचाही हक्क आहे. तो मार खाऊन नव्हे, समजून घेतल्यानेच मिळेल.