अडकलेला स्क्रू : कारणे व काढण्याच्या पद्धती

नेहमीच्या पेचकसाने न फिरणाऱ्या अथवा माथ्याची खाच झिजलेल्या स्क्रूला अडकलेला स्क्रू म्हणतात. असा स्क्रू ओढूनताणून काढताना मुख्य ओतीव भागातील आटे बिघडले, तर क्षुल्लक दुरुस्तीसाठी संपूर्ण भाग बदलावा लागतो. म्हणून बळ लावण्यापूर्वी अडकण्याचे कारण ठरविणे आवश्यक असते.

कारणे : गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्याने पोलादी स्क्रू गंजल्यावर आट्यांमधील फट भरून जाते. ॲल्युमिनियमाच्या भागात पोलादी स्क्रू असल्यास ओलाव्यामुळे विद्युत् रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियमाची पांढरी संयुगे साचतात. अगंज पोलादाचे आटे घर्षणाने एकमेकांत रुतून बसतात. काही स्क्रूंना जोडणीच्या वेळीच आटे जखडणारा चिकट द्रव लावलेला असतो.

पद्धती : गंजलेल्या स्क्रूवर झिरपणारे तेल सोडून काही तास थांबतात व माथ्यावर हलके ठोके देतात. त्यामुळे गंजाचा थर तडकून तेल आत शिरते. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या सु. दुप्पट प्रसरण पावते. म्हणून असा भाग तापविल्यास पोलादी स्क्रू सैल होतो. चिकट द्रवही उष्णतेने मऊ पडतो. मात्र तेल लावलेल्या जागी किंवा इंधनाजवळ ज्योत वापरणे धोक्याचे असते.

खाच झिजली असल्यास माथ्यावर करवतीने नवी सरळ खाच पाडतात. माथा तुटला असल्यास स्क्रूच्या बरोबर मध्यावर पंचाने खूण करून उलट फिरणाऱ्या डाव्या ड्रिलने छिद्र पाडतात. पुष्कळदा त्या फिरण्यानेच स्क्रू सुटतो. न सुटल्यास छिद्रात डाव्या आट्यांचा निमुळता एक्स्ट्रॅक्टर बसवून फिरवितात. तो कठीण पण ठिसूळ पोलादाचा असतो व आत तुटल्यास साध्या ड्रिलने काढता येत नाही. त्यामुळे हा उपाय अखेरीस योजतात.

हबल अवकाश दूरदर्शकाच्या दुरुस्तीत १७ मे २००९ रोजी असाच प्रसंग उद्भवला. २००४ पासून बंद असलेल्या वर्णपटलेखकासमोरील दांड्याच्या एका बोल्टाचा माथा झिजला. लागणाऱ्या बळाची पृथ्वीवर चाचणी घेतल्यानंतर अंतराळवीर माइक मॅसिमिनो यांनी तो दांडा हाताने उखडला. नंतर आवरणाचे शंभराहून अधिक स्क्रू काढून उपकरण पुन्हा कार्यान्वित करण्यात आले.

खाचेच्या नेमक्या मापाचा पेचकस वापरणे आणि जोडणीपूर्वी आट्यांना योग्य वंगण लावणे, हे स्क्रू अडकू नयेत यासाठीचे सोपे उपाय होत.