जुना चित्रपट, जुनी मैफल
वाचकहो, गांधीबाग उद्यानातील बाकावर समवयस्कांसह १९८८च्या ‘अशी ही बनवाबनवी’ची चिरफाड अवश्य करा. सुधा आणि पार्वती पुरुष आहेत, हे घरमालकिणीला इतके दिवस कळले कसे नाही, यावर मनसोक्त वाद घाला. तारुण्यातील आठवणी उतारवयातही बहुधा टिकून राहतात. म्हणूनच विसराळू मित्रालाही या मैफलीत मानाचे स्थान मिळते. त्याने नाव चुकवले, तर परीक्षा घेऊ नका. कथा पुढे न्या. मात्र नेहमी हसवणारा मित्र हळूहळू गप्प होऊ लागला, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. श्रवणदोष, नैराश्य किंवा स्मृतिभ्रंश यांची ती पहिली खूण असू शकते. त्याला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.