शासकीय माहितीची खुली उपलब्धता आणि पडताळणीचा प्रश्न

शासनाजवळील माहिती लोकांस खुली असावी, हे तत्त्व आता सामान्यतः मान्य झाले आहे. तथापि ‘खुली माहिती’ या एकाच संज्ञेत दोन भिन्न गोष्टी सामावतात: एक मूळ अभिलेख व दुसरी त्यावरून सिद्ध केलेली एकत्रित आकडेवारी. या दोहोंचे कार्य सारखे नव्हे.

हा भेद राजस्थानातील अनुभवावरून स्पष्ट होतो. १९९० मध्ये स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे पहिली जनसुनावणी भरविली. अशा सुनावण्यांत सार्वजनिक कामांचे हजेरीपट ग्रामस्थांसमोर वाचले जात. मजुरीवर एकंदर अमुक रक्कम खर्च झाली, एवढेच सांगितले असते तर गावास त्यावर बोलण्याजोगे काही नव्हते. नाव उच्चारले जाताच मात्र ती व्यक्ती कामावर होती की नाही, हे गाव सांगू शकत असे. पडताळणीचे सामर्थ्य बेरजेत नव्हते, नावांत होते.

२००५ च्या माहितीचा अधिकार अधिनियमाच्या कलम ४ ने अर्जाची वाट न पाहता १७ बाबींची माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले. अनुदान-योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशीलही तीत येतो. पुढे २०१२ च्या राष्ट्रीय धोरणाने संवेदनशील नसलेली शासकीय आकडेवारी यंत्रास वाचता येईल अशा स्वरूपात खुली करण्याचे ठरविले. संशोधकास तुलनेसाठी ही सामग्री मोलाची आहे. परंतु खोट्या नोंदींची बेरीजही खऱ्या बेरजेइतकीच नीटनेटकी दिसते.

नामोल्लेखाने खाजगीपणास बाध येऊ शकतो, हा आक्षेप निराधार नव्हे. मूळ अधिनियमाच्या कलम ८ मध्ये सार्वजनिक कार्याशी संबंध नसलेली वैयक्तिक माहिती याच कारणाने वगळली होती. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने ही अट काढून वैयक्तिक माहितीस सरसकट अपवाद करण्याची दुरुस्ती केली. व्यापक लोकहितार्थ माहिती देण्याची कलम ८ (२) मधील तरतूद कायम असली, तरी तिचा उपयोग प्राधिकरणाच्या निर्णयावर अवलंबून राहतो.

म्हणून खुलेपणाचे मोजमाप प्रसिद्ध तक्त्यांच्या संख्येवरून करता येणार नाही. तक्त्यातील आकड्यापासून मूळ नोंदीपर्यंत नागरिकास पोहोचता येते किंवा नाही, हीच त्याची खरी कसोटी होय.