माऊसची अचूकता आणि नकाशावरील रेषा

बुलढाणा जिल्ह्यातील चिखली हे तालुक्याचे ठिकाण आहे. सोयाबीन, कापूस आणि हरभरा पिकविणाऱ्या या परिसरातील शेतकऱ्याच्या दृष्टीने सातबाराचा उतारा आणि शेताचा नकाशा या दोन कागदांचे मोल फार मोठे असते. हे दोन्ही कागद आता संगणकावर आले आहेत. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ सालापासून राज्यात उपलब्ध झाला. ई-पीक पाहणीचा उपक्रम १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाला. गावनकाशांचे संगणकीकरणही हाती घेण्यात आले. साहजिकच तालुक्यातील सेवा केंद्रात अर्ज भरणारा तरुण असो वा नकाशावरील रेषा गिरविणारा कर्मचारी असो, त्याच्या हातातील माऊस हे आता कामाचे साधन झाले आहे. सुताराला रंधा आणि शिंप्याला कात्री नीट लावून घ्यावी लागते. त्याचप्रमाणे माऊसही कामाच्या स्वरूपानुसार लावून घ्यावा लागतो. ही बाब मात्र पुष्कळदा दुर्लक्षित राहते.

तीन ठिपक्यांची किंमत

माऊस थोडासा हलला तर बिघडले कुठे, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे उत्तर एका साध्या हिशेबात आहे. एक नकाशा १ : ५००० या प्रमाणावर काढलेला आहे आणि तो इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात स्कॅन केलेला आहे, असे समजू. अशा चित्रातील एक ठिपका म्हणजे कागदावरील सुमारे ०.०८५ मिलिमीटर आणि जमिनीवरील सुमारे ४२ सेंटिमीटर होय. रेषा गिरविताना बाण केवळ तीन ठिपके सरकला, तर जमिनीवर सव्वा मीटरहून थोडे अधिक अंतर पडते. शंभर मीटर लांबीचा बांध संपूर्ण लांबीत तेवढा सरकला, तर सुमारे सव्वा गुंठ्याचा फरक होतो. ज्या प्रदेशात बांधावरून भावाभावांत वितुष्ट येते, तेथे सव्वा गुंठा ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हद्दीचा वाद पडद्यावरील रेषेवरून मिटत नाही. त्यासाठी भूमि अभिलेख विभागाकडून रीतसर मोजणी करून घ्यावी लागते. तथापि, नकाशाची संगणकीय प्रत मूळ नकाशाशी जितकी इमानी राहील, तितके पुढील गैरसमज कमी होतील, हे उघड आहे.

माऊसचे कार्य कसे चालते ?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेतून १९६४ च्या सुमारास पहिला माऊस तयार झाला. ती एक लाकडी डबी होती आणि तिच्या तळाशी परस्परांस काटकोनात बसविलेली दोन चाके होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. पुढे चाकांची जागा रबरी गोळीने घेतली आणि त्यानंतर प्रकाशावर चालणारा माऊस प्रचारात आला.

आजच्या माऊसच्या पोटात एक लहान दिवा आणि एक सूक्ष्म कॅमेरा असतो. हा कॅमेरा टेबलाच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे टिपतो. लागोपाठच्या दोन चित्रांची तुलना करून माऊस कोणत्या दिशेस किती सरकला, याची गणना केली जाते. हात एक इंच सरकला असता माऊस जितक्या नोंदी संगणकाकडे पाठवितो, त्या संख्येस व्यवहारात ‘डीपीआय’ म्हणतात. ही झाली माऊसची संवेदनशीलता.

समजा, माऊसची संवेदनशीलता १००० आहे आणि पडद्याची रुंदी १९२० ठिपक्यांची आहे. एका नोंदीस एक ठिपका असे प्रमाण असल्यास हात दोन इंचांपेक्षाही कमी सरकताच बाण पडद्याच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेस पोहोचतो. म्हणजे एका ठिपक्यासाठी हात मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाइतकाच हलला पाहिजे. एवढा स्थिर हात कोणाचाही नसतो. वेग निम्मा केला, तर त्याच प्रवासास सुमारे पावणेचार इंच लागतात आणि हाताला दुप्पट वाव मिळतो. अचूकतेचे सारे रहस्य या वावात सामावलेले आहे.

वेग आणि त्वरण

माऊसची मांडणी करताना दोन गोष्टींत नेहमी गल्लत होते. पहिली म्हणजे बाणाचा वेग आणि दुसरी म्हणजे त्वरण. वेग हे ठरावीक प्रमाण होय. त्वरण लागू असताना मात्र हे प्रमाण हाताच्या गतीनुसार बदलत राहते. हात झपाट्याने हलविल्यास बाण लांब झेप घेतो आणि सावकाश हलविल्यास थोडाच सरकतो. विंडोज प्रणालीत या सोयीला ‘एनहान्स पॉइंटर प्रिसिजन’ असे नाव आहे. लिनक्सवर आधारित अनेक प्रणालींतही त्वरण चालू वा बंद करण्याची सोय असते.

त्वरण लागू आहे किंवा नाही, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. टेबलावर एक जाड पुस्तक ठेवून माऊस त्याच्या कोपऱ्यास टेकवावा आणि बाण पडद्यावर कोठे आहे ते पाहून ठेवावे. नंतर माऊस वेगाने थोडा दूर न्यावा आणि अगदी सावकाश पुन्हा कोपऱ्याशी आणावा. मात्र या प्रवासात बाण पडद्याच्या कडेस अडू देऊ नये. बाण जवळपास पूर्वीच्याच जागी आला, तर त्वरण बंद आहे. तो बराच दूर राहिला, तर त्वरण चालू आहे, असे समजावे.

पत्रलेखन वा अर्ज भरणे यांसारख्या कामात, विशेषतः टेबलावर जागा कमी असल्यास, त्वरण उपयोगीच पडते. परंतु नकाशा गिरविणे, आराखडा काढणे किंवा छायाचित्र दुरुस्त करणे या कामांत हाताला अंतराचा अंदाज बसावा लागतो. प्रमाण सतत बदलत राहिल्यास तो बसत नाही. अशा कामासाठी त्वरण बंद ठेवणे पुष्कळांना सोयीचे जाते.

मांडणीचा क्रम

प्रथम स्वच्छतेकडे लक्ष द्यावे. माऊसच्या तळाशी असलेल्या भिंगात केस वा धूळ अडकल्यास बाण थरथरतो. माऊस संगणकापासून अलग करून मऊ, कोरड्या कापडाने तळ पुसावा. काचेच्या किंवा फार गुळगुळीत टेबलावर कॅमेऱ्याला ओळखण्याजोग्या खुणा मिळत नाहीत. तेथे माऊसखाली साधे पॅड किंवा खरखरीत पुठ्ठा ठेवावा.

त्यानंतर सेटिंग्जमधील माऊस या विभागात जाऊन त्वरण बंद करावे. वेगाची पट्टी आधी मध्यावर आणावी. विंडोजच्या जुन्या पद्धतीच्या खिडकीत या पट्टीवर अकरा टप्पे असून सहावा टप्पा मध्याचा आहे. त्वरण बंद असता या टप्प्यावर एका नोंदीस एक ठिपका हे प्रमाण राहते. त्यापुढील टप्प्यांवर बाण मधले ठिपके गाळून उड्या मारू लागतो, म्हणून बारीक कामासाठी तेथे जाऊ नये. मध्यावरही बाण चपळ वाटल्यास एकेक टप्पा खाली यावे. नव्या मांडणीची हाताला सवय होण्यास काही दिवस लागतात, तेव्हा रोज बदल करीत राहू नये.

तिसरी गोष्ट म्हणजे चित्र मोठे करून काम करणे. वरील उदाहरणातील नकाशा चौपट मोठा करून पाहिला, तर पडद्यावरील तीच तीन ठिपक्यांची चूक जमिनीवर सव्वा मीटरऐवजी सुमारे ३२ सेंटिमीटर इतकीच राहते. महागडा माऊस विकत घेण्यापूर्वी हा बिनखर्ची उपाय करून पाहणे श्रेयस्कर होय.

ज्यांचा हात कापतो, त्यांच्यासाठी विंडोजमध्ये ‘माऊस कीज’ ही सोय आहे. ती चालू केल्यावर कीबोर्डच्या उजव्या बाजूच्या अंकांच्या कळांनी बाण हलविता येतो आणि पाचच्या कळीने क्लिक करता येते. शिफ्टची कळ दाबून धरल्यास बाणाची गती आणखी मंद होते. डावखुऱ्या व्यक्तींना माऊसच्या दोन्ही कळांची अदलाबदल करता येते. ज्येष्ठांसाठी बाणाचा आकार वाढविता येतो, तसेच दोन क्लिकमधील अवधीही वाढविता येतो.

हाताची काळजी

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली असे दाखवून दिले की, लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका तेथे हात पोहोचण्यास अधिक वेळ लागतो. अचूकतेसाठी वेळ द्यावाच लागतो, हा त्याचा व्यावहारिक अर्थ. माऊस कोपराच्या उंचीवर असावा, मनगट सरळ राहावे आणि मूठ सैल असावी. लांबचे अंतर कोपरापासून हात हलवून कापावे आणि बारीक हालचाल बोटांनी करावी. दीर्घकाळ काम करताना मधूनमधून हाताला विश्रांती द्यावी.

सेवा केंद्रात एकच संगणक अनेकजण वापरतात. अशा ठिकाणी ठरलेली मांडणी एका कागदावर लिहून संगणकाजवळ लावून ठेवल्यास प्रत्येकास ती पूर्ववत करता येईल. या साऱ्या खटाटोपास फार तर दहा मिनिटे लागतात आणि खर्च काहीच येत नाही. ज्या कागदावर एखाद्या कुटुंबाच्या जमिनीची रेषा उमटणार आहे, त्यासाठी एवढी दक्षता अगत्याची आहे.