कृष्णाकाठचं वाण वाशीमच्या रानात

वाशीम जिल्ह्यात खरीप म्हणजे सोयाबीन. संपादकांनी पाठवलं होतं रोगाला दाद न देणाऱ्या वाणांवर लिहायला. इतिहास थोडक्यात आटोपतो: जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं जेएस 335 हे वाण 1994 मध्ये आलं आणि पुढे कित्येक वर्षं वऱ्हाडात त्याचंच राज्य होतं. मैलोन्‌मैल एकच वाण, म्हणजे किडीरोगांना आयती पंगत.

मी अडकलो ते ‘फुले संगम’पाशी. हे वाण, म्हणजे केडीएस 726, इथलं नव्हे, सांगलीजवळच्या कसबे डिग्रज संशोधन केंद्रातलं. कृष्णाकाठी तांबेरा या बुरशीजन्य रोगाचा जोर असतो, म्हणून परीक्षाही तिथेच. परीक्षेची रीत निर्दय आहे. तपासायच्या ओळींमध्ये हमखास बळी पडणारं वाण मुद्दाम पेरायचं. त्याच्यावर तांबेरा माजला की शेजाऱ्यांची कसोटी सुरू. मग पान उलटून भिंगातून बघायचं. नाजूक वाणावर फिकट तपकिरी फोड येतात, बीजाणूंनी भरलेले. प्रतिकारक वाणही बेदाग नसतंच; पण त्याचे ठिपके लालसर असतात आणि बीजाणू जेमतेम. बुरशी शिरली तिथल्या पेशी पान स्वतःच मारून टाकतं. तांबेऱ्याला जगायला जिवंत पेशीच लागते, त्यामुळे तो उपाशी राहतो. ही झाडाची हुशारी वाचून माहीत होती, तरी भिंगाखाली बघताना थक्क झालो.

हेच वाण पेरलेल्या, वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडकडच्या शेतात मात्र तक्रार तांबेऱ्याची नव्हतीच; ती होती पिवळ्या मोझॅकची, मूळकुजीची आणि चक्रीभुंग्याची. पिवळा मोझॅक पांढऱ्या माशीमार्फत येतो. तो विषाणू; तांबेऱ्याला अडवणारं जनुक त्याला ओळखतही नाही. 2023 च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात त्याने शेतंच्या शेतं पिवळी केली. शेंगा भरताना पावसाने दडी मारली की मूळकूज बळावते. चक्रीभुंग्याची तऱ्हा आणखी वेगळी: मादी देठावर किंवा खोडावर दोन गोलाकार खाचा कोरते, मधोमध अंडं घालते, वरचा भाग सुकतो आणि अळी आतून खोड पोखरत खाली जाते.

एवढ्या शत्रूंविरुद्धची जनुकं एका वाणात आणायची, वर उताराही घटू द्यायचा नाही, म्हणजे पैदासकाराची कित्येक वर्षं. तोवर विषाणू आणि बुरशी थोड्याच थांबणार? परदेशात तांबेऱ्याच्या नव्या जातींनी प्रतिकारक जनुकांना चकवलेलं आहेच. शेतकऱ्याने मात्र बॅगेवर ‘रोगप्रतिकारक’ एवढंच वाचलेलं असतं, आणि त्या भरवशावर पांढरी माशी बघायला तो उशिरा जातो. कोणत्या रोगाला प्रतिकारक, हे त्याच बॅगेवर ठळक छापायला काय हरकत आहे?