खळ्यावरील धान्य व बैलाचे पोट

मळणीच्या दिवसांत एखादा बैल दावे तोडून ज्वारीच्या राशीवर जातो. दोन पायल्या धान्य गेले, एवढीच धन्यास हळहळ वाटते. परंतु दुसऱ्या दिवशी बैल वैरण सोडतो, रवंथ थांबते, आंबूस वासाचे पातळ शेण पडते, आणि वेळीच उपचार न झाल्यास तो दगावतो. धान्य तर विषारी नव्हते. मग असे का व्हावे?

भाकरीचा घास बराच वेळ चावला असता गोड लागू लागतो, कारण माणसाच्या लाळेतील विकर पिष्टाची साखर करते. हे विकर मोठे चोखंदळ आहे. सामू ७ च्या आसपास असेल तरच ते नीट काम करते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांना हे सभेत सहज दाखविता येईल. निवलेली पातळ पेज दोन पेल्यांत घेऊन एकात थोडे व्हिनेगर घालावे व दोहोंत लाळ मिसळावी. अर्ध्या तासाने आयोडीनचा थेंब टाकला असता व्हिनेगरच्या पेल्यात गडद निळा रंग येतो; दुसऱ्यात तो फिका येतो किंवा येतच नाही. लिंबू मात्र वापरू नये, त्यातील क जीवनसत्त्व आयोडीनचा रंगच घालविते व पाहणाऱ्यांची फसगत होते.

बैलाच्या लाळेत हे विकर जवळजवळ नसते. त्याच्या कोटीपोटातील सूक्ष्म जीव आपल्या विकरांनी पिष्ट फोडतात. कडबा चघळताना व रवंथ करताना सुटणारी अल्कधर्मी लाळ तेथील सामू ६ ते ७ च्या दरम्यान राखते. धान्य फारसे चावावे लागत नाही, म्हणून लाळ कमी सुटते. उलट पिष्ट भराभर आंबून लॅक्टिक आम्ल साचते. सामू ५ च्या खाली उतरला की वैरण पचविणारे जीव मरतात, आम्ल करणारे मात्र तग धरून राहतात. अंगातील पाणी पोटाकडे ओढले जाऊन बैलाचे डोळे खोल जातात.

पिठातील पिष्ट उघडे असल्याने ते अख्ख्या धान्याहून घातक. लग्नकार्यात उरलेला भात व पोळ्या पाटीभर गुरांपुढे ओतण्याची चालही म्हणूनच सोडावी.

असे धान्य खाल्ल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकास बोलवावे व किती, केव्हा खाल्ले ते सांगावे. तोवर केवळ वाळलेली वैरण द्यावी. खाण्याचा सोडा आम्ल मारतो हे खरे. परंतु त्याची मात्रा वजनावर ठरते, आणि बळजबरीने पाजताना ठसका लागून तो फुप्फुसात जाऊ शकतो, तेव्हा ते काम पशुवैद्यकावर सोपवावे. खुराक वाढवावयाचा असल्यास दोन-तीन आठवड्यांत थोडाथोडा वाढवावा. कोटीपोटातील जीवांना नव्या आहाराशी जुळते होण्यास तेवढा अवधी लागतो.